घरी आलेल्या कुत्र्याची ओळख : काही भाषिक निरीक्षणे

मराठीत ज्या मोजक्या प्राण्यांची नावे तिन्ही लिंगांत चालतात, त्यांत कुत्र्याची गणना करावी लागेल. कुत्रा, कुत्री आणि कुत्रे ही तिन्ही रूपे बोलण्यात आणि लिहिण्यात सारखीच रुळलेली आहेत. त्यांतील नपुंसकलिंगी रूपाचा उपयोग केवळ लिंग ठाऊक नसताना होतो असे व्याकरणकार सांगतील. परंतु व्यवहार थोडा निराळा आहे. ‘ते कुत्रे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या प्राण्याशी आपला कोणताही संबंध नाही हेही बहुधा सुचवीत असतो. ओळख झाली की नपुंसकलिंग गळून पडते आणि ‘तो’ किंवा ‘ती’ येते. ह्या रूपांत गमतीची गुंतागुंतही आहे. ‘ती कुत्री आली’ हे वाक्य एका मादीविषयी आहे की अनेक कुत्र्यांच्या घोळक्याविषयी, हे केवळ त्या वाक्यावरून सांगता येत नाही. स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन येथे एकरूप होतात. वर्तमानकाळी क्रियापद घातले (भुंकते, भुंकतात) म्हणजे मग उलगडा होतो.

ह्या प्रास्ताविकाचे कारण असे की, २०२३ च्या गणेशोत्सवानंतर आमच्या घरी एक लहान, मिश्र जातीचे कुत्रे आले आणि दिवाळीपर्यंत घरात त्याचा निर्देश नपुंसकलिंगीच होत राहिला. त्या सहा आठवड्यांतील काही निरीक्षणे येथे मांडावयाची आहेत. ती एका घरातील आणि एका प्राण्यावरील आहेत, म्हणून त्यांवरून नियम बांधण्याचा उद्देश नाही. मात्र गेल्या वीसपंचवीस वर्षांत ह्या विषयावर जे संशोधन झाले आहे त्याच्या प्रकाशात ती पाहिली असता, भाषेच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारे काही प्रश्न उपस्थित होतात.

कुत्री सुमारे सात वर्षांची होती. रंग मळकट पांढरा, कान तपकिरी, त्यांतील एक अर्धवट मुडपलेला. शेपूट पाठीवर वळलेली. वजन आठ किलोच्या आसपास. आमच्या परिचयातील एका वृद्ध बाईंनी ती पाळली होती. बाई मूळच्या धारवाडच्या. पुण्यात चाळीस वर्षे राहूनही घरात कानडीच बोलत. त्या निवर्तल्या, मुलगा परदेशी परतण्याच्या घाईत, आणि कुत्रीला ठेवून घेणारे कोणी नाही, अशा स्थितीत ती आमच्याकडे आली. मुलाने नाव सांगितले ते आम्ही ‘चिनी’ असे ऐकले. आमच्या मातोश्रींना हा प्रकार मान्य नव्हता. दिवाळीपर्यंत ‘ते’ घरात रुळले तर ठीक, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय पाहावी, असा त्यांचा निर्णय होता. दुसरी सोय म्हणजे काय हे घरात कोणी उच्चारले नाही. परंतु सात वर्षांच्या, कोणत्याही नामांकित जातीत न बसणाऱ्या कुत्र्याला कोण घेऊन जाणार हे सर्वांना ठाऊक होते.

पहिल्या दहा दिवसांत तिने हाकेला एकदाही प्रतिसाद दिला नाही. खाणे नावापुरते. दिवसभर पलंगाखाली. ‘ये’, ‘बस’, ‘नको’ ह्या शब्दांचा तिच्यावर काही परिणाम दिसेना. ती बहिरी असावी, निदान मंदबुद्धी तरी असावी, असे शेजारीपाजारी म्हणू लागले, आणि मातोश्रींच्या मताला त्यामुळे बळकटी आली. ह्यातील पहिली शंका लवकर फिटली. स्वयंपाकघरात बिस्किटांच्या पुड्याचा कागद कुरकुरला की पलंगाखालचे दोन्ही कान, मुडपलेल्यासह, उभे राहत.

येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारी : जात कोणती? हा प्रश्न आपल्याकडे माणसांनाही इतक्याच सहजपणे विचारला जातो. त्याविषयी अधिक न बोललेले बरे. कोणी तिला पॉमेरेनियन ठरवले. आपल्याकडे ज्या कुत्र्यांना सरसकट पॉमेरेनियन म्हणतात ती बहुतेक भारतीय स्पिट्झ असतात. इंग्रजी अमदानीत आलेल्या जर्मन स्पिट्झची ती येथील हवामानात वाढलेली शाखा. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ ह्या चित्रपटातील कुत्रे त्याच जातीचे होते. आमच्या कुत्रीत स्पिट्झचा काही अंश असावा आणि उरलेला रस्त्यावरचा, ह्यापलीकडे काही सांगता येण्यासारखे नव्हते. खरे पाहता त्याहून अधिक सांगता आले असते तरी उपयोग बेताचाच होता. अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा करून आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी करून २०२२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांत स्वभावाचा जो फरक आढळतो त्यापैकी केवळ सुमारे ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. रूप जातीवर पुष्कळ अवलंबून असते. स्वभाव फार थोडा. म्हणजे मिश्र जातीच्या कुत्र्याची ओळख करून घेणाराला वंशावळीच्या अभावी फारसे काही गमवावे लागत नाही. त्याला त्या एका प्राण्याकडेच पाहावे लागते, आणि तेच करावयाचे असते.

तिच्या पूर्वीच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी एके दिवशी तिला भेटावयास आल्या, तेथून ह्या प्रकरणाला वळण लागले. मावशी अक्कलकोटच्या, म्हणजे मराठी आणि कानडी दोन्ही घरच्याच. आम्ही त्यांच्यासमोर कुत्रीला हाक मारून दाखवली. त्या हसल्या. “साहेब, अशी हाक मारतात होय तिला? कोणाला घाटावरून बोलवताय जणू!” असे म्हणून त्यांनी जमिनीवर बसकण मारली आणि “चिन्निचिन्निचिन्नि, बा बा बा” असे भराभर म्हटले. पलंगाखालून जे बाहेर आले ते आम्ही दहा दिवस पाहिलेले कुत्रे नव्हतेच. गोंडा घोळणे ह्या वाक्प्रचाराचा वाच्यार्थ त्या दिवशी घरातील सर्वांना कळला.

नाव ‘चिनी’ नसून ‘चिन्नी’ होते. कानडीत चिन्न म्हणजे सोने. लाडक्या मुलीला त्यावरून असे म्हणतात. द्वित्व निसटले म्हणून हाक चुकली, असा तर्क ध्वनिविज्ञान शिकवणाराच्या मनात प्रथम यावा हे स्वाभाविक आहे, आणि तो मी एका सहकाऱ्यापाशी काहीशा अभिमानाने बोलूनही दाखवला. तो चुकीचा ठरला. बुडापेस्टच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युत्‌स्पंदनांची नोंद घेऊन असे दाखविले आहे की, ओळखीचा शब्द आणि त्यातील एखादाच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द ह्यांत त्यांचा मेंदू फरक करीत नाही; साफ निराळा निरर्थक शब्द मात्र तो वेगळा ओळखतो. तेव्हा घरीच एक लहानसा प्रयोग केला. ‘चिनी’ हे चुकीचे नाव मावशींच्या लयीत, आणि ‘चिन्नी’ हे बरोबर नाव आमच्या पद्धतीने, म्हणजे अंत्य स्वर लांबवून, अशा दोन प्रकारे हाका दिल्या. चुकीच्या नावाला ती धावत आली. बरोबर नावाला जागच्या जागी थबकली.

ह्या ठिकाणी थोडे थांबणे इष्ट आहे. दूर असलेल्या माणसाला हाक मारताना आपण शेवटचा स्वर ताणतो. ही लकब इतकी जुनी आहे की, पाणिनीने तिच्यासाठी अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात (८.२.८४) स्वतंत्र नियम केला : दुरून हाक मारताना वाक्याचा अंत्य स्वर प्लुत होतो. मराठी आई अंगणातून मुलाला हाक मारते तेव्हा तिच्या नकळत हाच नियम पाळला जातो. माणसाच्या बाबतीत तो उपयुक्त आहे. लांब स्वर दूरवर पोचतो आणि ज्याला हाक मारली त्याला सावध करतो. परंतु कुत्र्याच्या कानाची घडण निराळी आहे. पॅट्रिशिया मॅकॉनेल ह्या अमेरिकन संशोधिकेने निरनिराळ्या भाषा बोलणारे आणि कुत्र्याघोड्यांकडून कामे करून घेणारे लोक आपल्या जनावरांना कसे इशारे देतात ह्याचा अभ्यास केला. चालना देण्यासाठी तुटक, पुन्हा पुन्हा येणारे आखूड ध्वनी आणि थांबवण्यासाठी एकच लांबवलेला ध्वनी, हा भेद भाषाकुळांच्या सीमा ओलांडून आढळला. पुढे पिलांवर केलेल्या प्रयोगात, जवळ येण्याची सवय चढत्या आखूड ध्वनींनी अधिक चांगली लागते असे तिला दिसून आले (१९९०). अर्थात आम्ही दहा दिवस चिन्नीला शब्दाने ‘ये’ म्हणत होतो आणि स्वराने ‘थांब’ म्हणत होतो. बिचारी थांबत होती.

आपल्या खेडुतांना हे कधीपासून ठाऊक आहे. कुत्र्याला बोलावण्याचा मराठी ध्वनी ‘यू यू यू’ असा तुटक आणि आवर्ती. हाकलण्याचा ‘हाड’ हा एकदाच, दीर्घ स्वरावर जोर देऊन आणि शेवटी तोडून. ‘हाड’ला व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययाची जागा देऊन आपण पुढे जातो, पण त्याच्यापासून हाडतूड करणे हा शब्दप्रयोग निघाला आणि तो माणसांनाही लागू झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कुत्र्याच्या आवाजांसाठीही मराठीत भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, कुईकुई करणे अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत, आणि अंगावर धावून जाण्याच्या ढंगासाठी ‘वसकन’ हे क्रियाविशेषण. ही शब्दसंपत्ती लक्षपूर्वक ऐकणाऱ्या समाजाची आहे. मनुष्याची भाषा प्राण्यांच्या आवाजाच्या अनुकरणातून निघाली ह्या मताची माक्स म्यूलरने १८६१ मध्ये भो-भो वाद म्हणून थट्टा केली, आणि भाषेच्या उगमापुरती ती योग्यच होती. तथापि त्या थट्टेमुळे माणूस आणि पाळीव प्राणी ह्यांच्यामधील ध्वनिव्यवहार हा विषय भाषाशास्त्राच्या उंबरठ्याबाहेर राहिला असावा, असे मला वाटते.

मावशींकडून मग रीतसर शब्दसंग्रह करून घेतला. परभाषेचा निवेदक समोर बसवून आम्ही जे करतो तेच. चिन्नीशी रोज बोलले जाणारे शब्द मोजकेच निघाले : बा म्हणजे ये, ऊटा म्हणजे जेवण, होगोण म्हणजे जाऊ या, आणि ब्याड म्हणजे नको. शेवटचे रूप धारवाडकडचे; म्हैसूरकडे बेड म्हणतात. हे शब्द तिला खरोखरच कळत होते की बोलणाराची मुद्रा ती वाचीत होती, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. त्याबाबत एक जुना धडा आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा घोडा खुराने ठोके देऊन गणिते सोडवीत असे. ऑस्कार फुंग्स्टने १९०७ मध्ये सिद्ध केले की, घोड्याला गणित येत नव्हते. ठोक्यांची इष्ट संख्या भरताच प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित हले आणि घोडा ते पाही. म्हणून आम्ही मुलीला दाराआड उभे करून, जेवणाची वेळ नसताना, सपाट स्वरात शब्द म्हणावयास सांगितले. ‘जेवण’ ह्या शब्दाला चिन्नीने डोकेही उचलले नाही. ‘ऊटा’ म्हणताच उठून ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसली.

परक्या भाषेची जाणीव कुत्र्यांना होते ह्यास आता प्रयोगाचाही आधार आहे. मेक्सिकोहून हंगेरीत गेलेल्या लॉरा क्वाया ह्या संशोधिकेला, आपल्या कुत्र्याला सभोवतालची भाषा बदलल्याचे कळते काय, असा प्रश्न पडला. अठरा कुत्र्यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात स्वस्थ पडून राहावयास शिकवून त्यांना एकच गोष्ट स्पॅनिश आणि हंगेरियन भाषांत ऐकविण्यात आली. ओळखीच्या आणि अनोळखी भाषेला मेंदूने निरनिराळा प्रतिसाद दिला, आणि कुत्रा जितका वयस्क तितका हा फरक अधिक स्पष्ट होता. सात वर्षे कानडी ऐकलेल्या कुत्रीला आमचे मराठी घर कसे वाटले असेल ह्याची कल्पना ह्यावरून करता येते. तिला मंदबुद्धी म्हणणाऱ्यांपैकी कोणालाही स्वतःला कानडी येत नव्हते.

तथापि कुत्र्यांच्या शब्दज्ञानाविषयी अतिशयोक्तीही बरी नव्हे. जर्मनीतील रिको नावाच्या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे येत असल्याचे २००४ मध्ये, आणि अमेरिकेतील चेसर ह्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे येत असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. हे अपवाद होत. सामान्य पाळीव कुत्र्यांना तीन महिने शिकवूनही बहुतेकांना दोन खेळण्यांची नावेसुद्धा वेगळी ओळखता आली नाहीत, असे २०२१ च्या एका अभ्यासात दिसले. वस्तूचे नाव कुत्र्याला कठीण जाते. ‘आता काय घडणार’ हे सांगणारा शब्द सोपा जातो. चिन्नीच्या चार शब्दांतही वस्तूचे नाव एकही नव्हते, कारण ऊटा हा तिच्या लेखी पदार्थ नसून प्रसंग होता.

शब्द आणि स्वर जुळल्यानंतरही एक अडचण उरली, आणि ती अधिक नाजूक होती. मी सकाळी वर्तमानपत्र उचलावयास वाकलो की ती पळून जाई. मुलगी बुटाचे बंद बांधावयास वाकली तरी तेच. मावशींनी खुलासा केला : पावसाळ्यात बसस्थानकाजवळ सापडलेले हे पिल्लू, दगड खाऊन वाढलेले. आपल्याकडील रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाली वाकणारा मनुष्य म्हणजे दगड उचलणारा मनुष्य, हे अगदी कोवळ्या वयात कळते. सात वर्षे गादीवर झोपूनही हा अर्थ पुसला गेला नव्हता. मानवी हावभावांचा असा सूक्ष्म अर्थ रस्त्यावरची कुत्री लावू शकतात ह्याची साक्ष कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातही मिळते. कोणत्याही शिक्षणावाचून ह्या कुत्र्यांनी अनोळखी माणसाने बोटाने दाखविलेल्या भांड्याची निवड केली. अर्थात जी जवळ येण्यास धजली त्यांनी. पुष्कळशी जवळच आली नाहीत, आणि त्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही.

ह्यावर उपाय साधा होता, पण तो घरातील सर्वांनी पाळावयास तीन आठवडे लागले. काही उचलावयाचे तर कमरेत न वाकता प्रथम खाली बसावयाचे. तिच्याकडे सरळ न पाहता अंग थोडे तिरके ठेवावयाचे. डोक्यावरून हात फिरवण्याची घाई न करता हात खाली ठेवून तो तिला हुंगू द्यावयाचा. ती जांभई देऊ लागली, नाक चाटू लागली वा तोंड फिरवू लागली, म्हणजे तिला आळस आलेला नसून आपण फार जवळ गेलो आहोत असे समजावयाचे. शेपटीच्या बाबतीतही लोकसमज अपुरा आहे. सैल अंगाने, कंबरेसकट हलणारी शेपूट निराळी आणि उंच, ताठ धरून बारीक थरथरणारी निराळी. मित्रभाव आणि वैरभाव दाखविताना कुत्र्याचे सर्व शरीर एकमेकांच्या नेमके उलट आकार घेते हे डार्विनने १८७२ मध्येच सविस्तर वर्णिले आहे.

ह्याच काळात एक चप्पल फाटली. मातोश्रींनी ती उंचावून धरताच चिन्नी अंग चोरून, कान पाडून, डोळ्यांच्या कडांनी पाहू लागली. “बघा, चोराच्या मनात चांदणे,” त्या म्हणाल्या. पुढे कळले की चप्पल शेजारच्या मांजराने नव्हे, तर वाशिंग मशीनच्या दाराने फाडली होती. अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांनी २००९ मध्ये प्रयोगाने दाखविलेली गोष्ट हीच आहे : ज्याला आपण अपराधी मुद्रा म्हणतो ती कुत्र्याने अपराध केला की नाही ह्यावर अवलंबून नसते, धन्याने रागावण्यावर असते; इतकेच नव्हे, निरपराध असता रागावून घेतलेल्या कुत्र्यांत ती अधिक ठळक दिसली. मातोश्रींना हा निबंध मी वाचून दाखविला नाही. त्यांनी स्वतःच संध्याकाळी चिन्नीच्या ताटलीत पोळीचा तुकडा दुधात कुस्करून ठेवला, आणि त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही.

मराठी शब्द तिला हळूहळू येऊ लागले. ‘चल’ हा सर्वांत आधी, बहुधा गळ्यातील पट्ट्याच्या आवाजाच्या साहाय्याने. ‘ये ये ये’ त्यानंतर. ‘नको’ मात्र तिने कधीच स्वीकारला नाही, आणि शेवटी आम्हीच ‘ब्याड’ म्हणू लागलो. जिन्यावर खेळणारी मुले आता एकमेकांनाही ‘ब्याड’ म्हणतात. त्यांतील एकाच्या आईने तो इंग्रजी शब्द समजून आमच्याकडे तक्रार केली.

धनत्रयोदशीच्या रात्री आम्ही उशिरा घरी परतलो. स्वयंपाकघरातून मातोश्रींचा आवाज आला : “तिचं ऊटा झालंय. पुन्हा देऊ नका.” मी ते वाक्य त्याच रात्री वहीत टिपून ठेवले आहे. मराठीत आलेली आकारान्त परभाषीय नामे सामान्यतः पुल्लिंगी होतात. येथे ‘जेवण’ ह्या शब्दाच्या अनुरोधाने ‘ऊटा’ला नपुंसकलिंग मिळाले आहे, आणि कुत्रीकडून ते काढून घेण्यात आले आहे.